चुलीशेजारची उभी ज्वारी

कडूबाचं घर वैशाख सरता सरता बांधून झालं. दोन खण, वर पांढऱ्या मातीचं धाबं, पुढं ओटा आणि दाराला बाभळीची चौकट. द्वारकाबाईनं उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं उठवली, गावानं गूळ-खोबरं खाल्लं आणि जो तो आपापल्या घरी गेला.

एवढं वाचून झालं असेल तर ते आता विसरून जावं. घर झालं नाही. त्या जागेवर ज्वारी उभी आहे. तालुक्याच्या कचेरीतला कागद तसं म्हणतो, आणि कागदापुढं भिंतीची काय बिशाद? गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या आणखी काही जणांचे अर्ज अजून पडून आहेत. टेंभुर्णीच्या अलीकडं, ओढा ओलांडला की, एवढं पुरे.

तर घर नाही असं धरून चालू, आणि ते का नाही हे पहिल्यापासून बघू.

कडूबा आणि त्याचा थोरला भाऊ कारभारी एका घरात राहायचे. घर एक, चूल एक आणि चुलीपुढं जावा दोन. थोरली झुंबरबाई, कारभारीची. धाकटी द्वारकाबाई, कडूबाची. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी द्वारकाबाईची भाकरी तव्यावर होती, एक बाजू भाजलेली, दुसरी कच्ची. झुंबरबाईनं ती उलथन्यानं उचलून परातीत टाकली, तवा खाली उतरवला आणि चुलीवर आपलं वरणाचं भगुनं चढवलं.

"आक्का, माझी भाकर कच्ची हाय."

"मंग? कच्च्या भाकरीनं मानूस मरत न्हाई. भावजीला वाढ. त्यांना कळत बी न्हाई."

कडूबा ओसरीत बसला होता. त्याला खरंच कळलं नसतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती, आणि त्यानं नेमकं ते सांगितलं. "आन इकडं. खातो की."

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग भाकरीकडं पाहिलं आणि दोघांत भाकरीच बरी असं ठरवून ती पदरात बांधली. दारातून वळून म्हणाली, "माझी चूल मांडली की सांगा. हिची राह्यलेली बाजू मी तिथं भाजीन. तवर मी टेंभुर्णीला." आणि गेली. माहेरी तिनं ती भाकरी आढ्याला फडक्यात टांगून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची, लोक देवळातला अंगारा घ्यावा तसं हात जोडून बघायचे, आणि कडूबाचं नाव त्या पंचक्रोशीत अर्ध्या भाकरीवरून ओळखलं जाऊ लागलं.

आता चूल मांडायची तर घर पाहिजे. गावठाणात कोंबडी उबवायला बसवावी एवढी जागा नव्हती. गावाला लागून एक पट्टी वाटणीत कडूबाच्या नावावर आली होती, तिथं बांधावं म्हटलं, तर ते शेत. मागच्या साली शेजारच्या गावात एकानं असंच शेतात बांधलेलं घर सरकारी माणसांनी येऊन पाडलं होतं, तेही धाब्यावर पापड वाळत असताना. पापडाचा पंचनामा झाला, घराचा झाला नाही. म्हणून कडूबानं ठरवलं की आपण बराबर इजाजत काढून बांधायचं. आयुष्यात त्यानं एवढी मोठी चूक आधी केली नव्हती.

कचेरीत नरहरराव पेशकार होते. तहसीलदाराच्या टेबलावर जाणारा कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा आणि बहुतेक तिथंच म्हातारा व्हायचा. हैदराबादचं राज्य जाऊन मुंबईचं आलं होतं, पण पेशकार तेच, टेबल तेच आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला कोपराही तोच.

"शेतात घर?" पेशकार म्हणाले. "शेत कशासाठी असतं?"

"पिकासाठी, साहेब."

"मग घर बांधायचं तर शेताचं शेतपण आधी काढावं लागेल. त्याला जुने कागद पाहिजेत."

"मंग बघा की."

"ते उर्दूत आहेत."

"तुम्हाला उर्दू येती, साहेब."

"मला येते. कागद हैदराबादेत आहेत."

"मंग मागवा."

"मागवायचा हुकूम मुंबईहून यावा लागतो."

"मंग मुंबईला कळवा."

"मुंबईला उर्दू येत नाही," पेशकार म्हणाले आणि पुढच्या माणसाकडं वळले.

कडूबाला राग आला. पण त्याचा राग असा की कचेरीत तो यायचा नाही, कचेरीत फक्त कानाच्या पाळ्या तापायच्या. राग यायचा परतीच्या वाटेवर, ओढ्याच्या काठी, जिथं बाभळी होत्या. तिथं तो उभा राहायचा आणि एकेका बाभळीला धरायचा.

"तुला गं कोनी इजाजत दिली इथं उगवायची? कागद दाखव! जुना न्हाई? मंग तू बाभळच न्हाईस. चल, पाड सावली मागं! बिगर इजाजतीची सावली पाडून राह्यली!"

संक्रांतीला गेला, शिमग्याला गेला, मधे दर बाजाराला गेला. प्रत्येक वेळी कचेरीत हात जोडलेले आणि ओढ्यावर हात उगारलेले. बाभळींना बिचाऱ्यांना पानगळ लागली, ती उन्हानं असं लोक म्हणतात.

शेवटी चैत्रात त्यानं विचारलं, "साहेब, जागेवर येऊन तं बघा. मंग द्या न्हाई तं देऊ नका."

"काय आहे जागेवर?"

"काही न्हाई. म्हनून तं बांधायचंय."

"काहीच नाही तर पाहणी कशाची करू? हवेची? घर दाखव, पाहणी करतो."

"घर बांधलं तं पाडताल."

"पाडणारच. बिगर इजाजतीचं ठेवतो का?"

कडूबाच्या पाळ्या इतक्या लाल झाल्या की पेशकारांनाही दिसल्या. ते डबा उघडता उघडता वैतागून म्हणाले, "अरे, नव्याला इजाजत लागते. जुनं पडकं घर असलं असतं तर म्हटलं असतं, कर दुरुस्त, मला विचारू नको. तुझं जुनं नाही त्याला मी काय करू? चल, जल्दी बाहेर हो. जेवायची वेळ झाली."

त्या दिवशी कडूबा ओढ्यावर बाभळींशी एक शब्द बोलला नाही. सरळ पुंजारामकडं गेला. पुंजाराम गावच्या भिंती घालायचा. त्याच्या बापानंही घातल्या होत्या.

"पुंजाराम, जुनं घर बांधतो का?"

"जुनं दुरुस्त करतेत. बांधतेत नवं."

"न्हाई. जुनंच बांधायचं. पडकं. आंगावर येईल असं."

पुंजारामनं चिलीम खाली ठेवली. "कडू, वैनी जाऊन लई दिवस झाले. तू टेंभुर्णीला जाऊन ये."

पण सगळं ऐकल्यावर तो तयार झाला, कारण असं काम त्याच्या बापानंही केलं नव्हतं. दोघांनी मिळून भिंती उभ्या केल्या, वाळवल्या आणि मग पाडायला घेतल्या. इथं पहिली अडचण आली. पुंजारामची भिंत पडेना. लाथा घातल्या, पहारीनं ढोसलं, दोघं पाठी लावून रेटून बसले. भिंत जशीच्या तशी.

"माझ्या हातची भिंत आजवर पडली न्हाई," पुंजाराम म्हणाला. आवाजात दुःख होतं की मस्ती, कळेना.

"अरे पन पाडायसाठीच बांधली ना?"

"हाताला सवय न्हाई तशी."

मग बैल जुंपले, दोर बांधला. भिंत पडली तेव्हा पुंजाराम तिच्याकडं पाठ करून बसला आणि संध्याकाळपर्यंत पाण्यालाही शिवला नाही. पुढचं काम त्यानं तोंड वाकडं करून पण मनापासून केलं. कोनाड्यात दिव्याची काजळी धरवली. उंबऱ्याचा दगड माणसांच्या पायांनी झिजल्यासारखा घासला. पडक्या कोपऱ्यात रुईचं झाड आणून लावलं आणि फुटकं जातं उपडं टाकलं. काम एवढं साधलं की गावातली चतुराबाई, जिच्याएवढं म्हातारं गावात दुसरं कुणी नव्हतं, काठी टेकत आली आणि पडक्या भिंतीला हात लावून रडायला लागली.

"हे तं आमच्या गिरजाचं घर. लई गुनाची पोर होती."

"चतुरामाय, हे आत्ता बांधलं मी," कडूबा हळूच म्हणाला.

"तू गप रे. तुझा जन्म तरी झाल्ता का?" आणि चतुराबाईनं गिरजाला मुलं किती, तिचा नवरा कशानं गेला आणि त्या कोनाड्यात ती काय ठेवायची ते सगळं सांगितलं. पुंजाराम कडूबाच्या कानात म्हणाला, "साक्षीदार बी आयता आला."

पट्टीत जुनं पडकं घर आहे, दुरुस्तीआधी एकदा बघून जा, असं पेशकारांना कळवलं, पाहणीचा दिवस मिळाला, आणि कडूबा हरखून टेंभुर्णीला गेला. द्वारकाबाई अंगणात धान्य पाखडत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तुम्ही घर बांधलं."

"हाव."

"आन् पाडलं."

"हाव!"

"आन् आता मला सांगाया आले की पाडून झालं."

"आगं, पडकंच लागतं कायद्याला."

"अवं, पन आत्ता धाब्याला माती टाकायचे दिस. पडक्याला राखन कोन हाय?"

"पडक्याची कोन चोरी करतं?" कडूबा हसला.

द्वारकाबाई हसली नाही. तिनं फक्त आढ्याकडं पाहिलं, जिथं भाकरी टांगलेली होती.

इकडच्या घरांवर धाबं असतं, आणि धाब्यावर दर साली पावसाच्या आधी पांढरी माती पसरावी लागते, नाहीतर आषाढात माणूस घरात छत्री घेऊन जेवतो. ही पांढरी शेतात नसते. ती जुन्या, पडलेल्या घरांची. गावात घर पडलं आणि त्यात कुणी राहत नसलं की त्याची माती सगळ्या गावाची, ज्यानं त्यानं टोपली भरावी आणि न्यावी. हे कडूबालाही ठाऊक होतं. लहानपणापासून त्यानंही अशी शंभर घरं डोक्यावरून वाहिली होती. आणि आपलं घर जुनं आहे, पडलेलं आहे, त्यात कुणी राहत नाही, हे त्यानंच महिनाभर सगळ्या गावाला पटवून दिलं होतं.

तो टेंभुर्णीहून परतला तेव्हा जागा तळहातासारखी साफ होती. भिंती नाहीत, कोनाडा नाही. उंबऱ्याचा दगड कुणीतरी धुणं धुवायला नेला होता. रुईचं झाड तेवढं उभं होतं, रुई कुणालाच नको असते.

"दादा," त्यानं कारभारीला विचारलं, "माझं घर कुठंय?"

कारभारी धाब्यावर उभा राहून ओली माती चोपत होता. "कोनतं? ते गिरजाचं?"

"गिरजा कोन? माझं! मी बांधलं!"

"आता कडू, पडक्याची पांढरी गावाची असती. मी तं मागून गेल्तो. आधी सगळ्यांनी नेली." आणि खालून झुंबरबाई म्हणाली, "माती मातर चांगली होती हां भावजी. जुनी माती ती जुनीच."

दुसऱ्या दिवशी पेशकार टांग्यातून आले. सोबत गावचा पटवारी दप्तर काखेत घेऊन. पेशकारांनी मोकळ्या जागेकडं बघितलं, मग कडूबाकडं.

"घर कुठंय?"

"होतं, साहेब. मातीला गेलं."

चतुराबाई पुढं झाली. "हिथं गिरजाचं घर होतं. हा तिचा कोनाडा," आणि तिनं हवेत हात ठेवला, बराबर तिथंच.

"म्हणजे होतं," पेशकार म्हणाले. "मग पाडलं कुणी? जुनं घर पाडायलाही इजाजत लागते."

सगळा गाव वर बघायला लागला. मग लक्षात आलं की वर धाबी आहेत, म्हणून सगळा गाव खाली बघायला लागला.

"साहेब, ते जुनं नव्हतं," कडूबा म्हणाला. "मी बांधलं होतं."

"बिगर इजाजतीनं बांधलं?"

"पडकं बांधलं."

बिगर इजाजतीनं नवीन बांधलेलं जुनं पडकं घर बिगर इजाजतीनं पाडल्याबद्दल काय करायचं, हे कुठल्याच सरकारनं सांगून ठेवलेलं नव्हतं. तेव्हा पटवारी खाकरला आणि त्यानं दप्तर उघडून पुढं धरलं. पटवारी दर साली आपल्या ओट्यावर बसून गावची पीकपाहणी लिहायचा, आणि कडूबाच्या पट्टीपुढं त्यानं दर सालाप्रमाणं एकच शब्द लिहिला होता.

"ज्वारी," पेशकारांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "इथं ज्वारी उभी आहे. म्हणजे घर नव्हतं, पडलं नाही, पाडलं नाही. सवालच मिटला. दरखास्त निकाली." आणि टांग्याकडं परतताना ते त्या मोकळ्या जागेला वळसा घालून बांधावरून गेले, पीक तुडवलं जाऊ नये म्हणून.

आजवर कडूबाचा राग ओढ्यापर्यंत थांबायचा. त्या दिवशी तो थांबला नाही.

"साहेब!" तो एवढ्या जोरात ओरडला की टांग्याचं घोडं मागं सरलं. "ज्वारी दिसून राह्यली का तुम्हाला?"

"कागदावर दिसते."

"मंग घ्या कनसं!" त्यानं ओंजळभर ढेकळं उचलली आणि टांग्यात चढून बसलेल्या पेशकारांच्या मांडीवर ओतली. "घ्या! भाकर करा याची! खा! मी दिवाळीपासून हात जोडून राह्यलो. माझी बायको कच्ची भाकर घेऊन माहेरी बसली. मुंबईला उर्दू येत न्हाई, तुम्हाला मराठी येत न्हाई, आन् मला हे ढेकूळ खायला येत न्हाई! तुमचं घर कोन्या इजाजतीनं बांधलं? कचेरी कोन्या इजाजतीनं बांधली? दाखवा कागद! न्हाई? मंग तिथं बी ज्वारीच हाय! उतरा खाली, कापून टाकतो!"

टांगा निघून गेला. राग राहिला आणि त्याला समोर कुणी उरलं नाही. मग कडूबानं फावडं घेतलं आणि तो कारभारीच्या धाब्यावर चढला.

"ही माती माझी," असं म्हणून त्यानं धाबं खरवडायला सुरुवात केली. तिथून उडी मारून शेजारच्या धाब्यावर. मग त्याच्या पलीकडच्या. खाली बायका ओरडत होत्या, घरात वरणात माती पडत होती, कारभारी "कडू, पावसाळा आला रे!" म्हणून अंगणात नाचत होता. पुंजाराम शिडी धरून उभा होता, कुणाच्या बाजूनं हे त्यानं ठरवलं नव्हतं. कडूबा कुणाचं ऐकेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वर होता. बातमी टेंभुर्णीला कुणी नेली कळलं नाही, पण दुपारी ओढ्याच्या बाजूनं द्वारकाबाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीची नवी चूल, काखेत भाकरीचं फडकं.

"अवं, खाली या!"

"माझी माती घेऊनच येतो!"

"लोकायची घरं उघडी करून माझं घर झाकत न्हाई. खाली या म्हन्ते ना!"

तो उतरला. ती थांबली नव्हतीच. ती पट्टीवर गेली, रुईच्या झाडाशेजारी चूल टेकवली आणि काटक्या गोळा करून जाळ केला. सगळा गाव मागं आला होता, पटवारीसुद्धा.

"पटवारीदादा," ती म्हणाली, "घराला इजाजत लागती. चुलीला लागती का?"

पटवाऱ्यानं दप्तर चाळलं. "चुलीचा रकाना न्हाई."

"मंग झालं." तिनं फडकं सोडलं. भाकरी इतक्या महिन्यांत दगड झाली होती. तिनं ती निखाऱ्यावर धरली आणि राहिलेली बाजू शांतपणे भाजली. मग कडूबापुढं धरली. "खा. कळतंय का आता?"

कडूबानं चावली. दात हलला. "कळतंय," तो म्हणाला.

वाऱ्यानं जाळ विझायला लागला. पुंजाराम म्हणाला, "वैनी, वाऱ्याला जरा आडोसा करतो," आणि त्यानं एक आडोसा केला. वारा दुसऱ्या बाजूनं आला, म्हणून दुसरा. मग चहूबाजूंनी. घर हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. कारभारी पहिली टोपली घेऊन आला. झुंबरबाई दुसरी घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्यावर जरा जास्तच पडल्ती." मग गाव आला. ऊन लागतं म्हणून वर सावली केली, सावली गळू नये म्हणून तिच्यावर पांढरी टाकली. शेळी आत येते म्हणून एका आडोशाला चौकट लागली. आणि वैशाख सरता सरता, जे झालं नाही ते असं झालं.

कडूबा कचेरीत गेला. "घर उभं हाय, साहेब. लिहून घ्या, न्हाई तं पाडा."

पेशकार मांडी सावरून बसले. "ज्वारी कशी पाडणार? कागदावर ज्वारी आहे. ज्वारीत घर नसतं."

पाडणार नव्हते, हे ऐकून दुसरा कुणी हसत घरी आला असता. कडूबा ओढ्यावर बराच वेळ होता, आणि तिथल्या दोन बाभळी आता नाहीत. द्वारकाबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. "उद्या आपल्यामागं कोनी हे शेत हाय म्हनून नांगर घातला, तं दाद कुठं मागायची?" ती म्हणाली. "लिहा अर्ज. मी सांगते तसा." अर्ज गेला. त्याला अजून उत्तर नाही. तो असा:

"मेहेरबान तहसीलदार साहेबांचे सेवेशी. अर्जदार कडूबा याची नम्र विनंती अशी की, अर्जदाराचे पट्टीत सरकारी कागदाप्रमाणे ज्वारी उभी आहे. सदरहू ज्वारी अर्जदाराचे चुलीशेजारी, धाब्याखाली व कोनाड्यात उभी असून ती अर्जदारास दिसत नसल्याने त्याचेकडून कापली जात नाही. ती फक्त कचेरीस दिसते. सबब मेहेरबान साहेबांनी विळ्यासह समक्ष येऊन ती आपले हाताने कापून न्यावी. कापताना चुलीस धक्का लागू नये. कापणीनंतर जागा मोकळी झाल्यावर तीवर काय उभे आहे, ते डोळ्यांनी पाहून कागदी लिहावे. कणसे सरकारजमा झाली तरी अर्जदाराची हरकत नाही. कडबा मात्र अर्जदाराचे बैलांस मिळण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती."